आधी पाठ, मग दांडा: चेअरलिफ्टवर पहिल्यांदा बसताना

अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसमधले दोघं मला स्कीइंगला घेऊन गेले. डोंगरावर नेणाऱ्या चेअरलिफ्टच्या, म्हणजे दोराला टांगलेल्या, चार जणांच्या खुर्चीवर आम्ही तिघं. एकीकडे बारा-पंधरा वर्षं स्की करणारा, दुसरीकडे चालायच्या आधी स्की शिकल्यासारखी वाटणारी. खुर्ची जमिनीवरून उचलली गेली, बघता बघता पाइनचे शेंडे पायाखाली आले आणि ते दोघं निवांत गप्पा मारायला लागले. डोक्याच्या वर, मागे एक लोखंडी दांडा होता. तो खाली ओढून पुढ्यात घेता येतो हे मला दिसत होतं. पण दोघांपैकी कुणीच त्याला हात लावला नाही आणि मीही काही बोलले नाही. आपण नवीन, हे जुने, उगाच घाबरट म्हणतील. त्या एका विचारापायी मी दहा मिनिटं खुर्चीची कड पकडून, श्वास मोजत वर गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या दिवशी ती आमच्या चौथ्या जागेवर बसली होती.

त्यानंतर बरेच हिवाळे गेले. आता दर जानेवारीत इथे नव्याने आलेली दोन-तीन मराठी घरं आमच्याबरोबर डोंगरावर येतात. स्कीचा क्लास लावला तर शिक्षक लिफ्टवर कसं बसायचं तेही दाखवतो. पण क्लासचे पैसे बघून बरेच जण मित्राच्या भरवशावर जातात, आणि मित्र म्हणतो, "काही नाही रे, खुर्ची आली की बसायचं!" हा लेख त्या मित्राच्या वाक्यात जे राहून जातं त्याबद्दल आहे.

खुर्ची थांबत नाही

चेअरलिफ्टची मूळ कल्पना केळ्यांची आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेतला इंजिनिअर जेम्स करन याला जहाजावर केळीचे घड चढवणारी आकड्यांची यंत्रं ठाऊक होती. आकड्याच्या जागी खुर्ची लावली की माणूसही चढवता येईल, हे त्याला सुचलं. आयडाहोतल्या सन व्हॅलीत १९३६ साली जगातली पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली ती त्यातून. जळगावकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही. फरक एवढाच की केळीचा घड मधेच पुढे वाकून फोन काढत नाही.

नवख्याला माहीत असायला हवी अशी गोष्ट म्हणजे लिफ्ट दोन जातीच्या असतात. एकीत खुर्ची पोलादी दोराला कायमची आवळलेली असते. दोर सेकंदाला साधारण दोन ते अडीच मीटर वेगाने फिरतो, आणि खुर्ची त्याच वेगाने येऊन तुमच्या पोटऱ्यांना लागते. दुसऱ्या जातीत खुर्ची स्टेशनात शिरली की दोरावरची पकड सोडते, रुळावरून रमतगमत, सेकंदाला मीटरभर अशी पुढे सरकते, माणसं घेते आणि बाहेर पडताना दोर पुन्हा पकडते. वर जाताना मात्र ती सेकंदाला पाच मीटरपर्यंत पळते. चार जणांची अशी पहिली लिफ्ट कोलोरॅडोतच, ब्रेकनरिजला १९८१ साली लागली.

यातली गंमत अशी, की नकाशावर जिच्यापुढे 'एक्सप्रेस' लिहिलेलं असतं ती वेगवान लिफ्ट नवख्याला सोपी, आणि कोपऱ्यातली जुनी, संथ, दोन जणांची लिफ्ट अवघड. लोक नेमकं उलटं करतात. "पहिल्यांदा आहे, हळू असलेलीच घेऊ" म्हणून जुनीकडे वळतात आणि पोटऱ्यांवर फटका खातात. लिफ्ट निवडताना एवढंच बघा: ती वर जिथे सोडते तिथून हिरव्या खुणेची, म्हणजे सोपी, वाट खाली येते का? येत नसेल तर ती लिफ्ट कितीही छान असो, आज आपली नाही.

आणि त्याच्याही आधी एक अट. सरळ घसरत जाणं आणि हवं तिथे थांबणं, या दोन गोष्टी जमल्याशिवाय चेअरलिफ्टच्या रांगेत उभंच राहू नका. त्यासाठी पायथ्याशी मॅजिक कार्पेट असतं, विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यासारखं. लहान पोरांमध्ये उभं राहायला लाज वाटते, मान्य आहे. तासाभराची लाज आहे, संपते.

दांड्याचा कायदा आणि दांड्याची रीत

खुर्चीच्या वरून पुढे येणाऱ्या आडव्या दांड्याला इथे नुसतं 'बार' म्हणतात. आमच्या ग्रुपात त्यावर जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत, म्हणून मी दांडाच म्हणते.

युरोपात, आल्प्सच्या देशांत, खुर्ची निघाली की दांडा खाली, यावर चर्चाच नसते. तिथल्या नव्या लिफ्टवर तर तो आपोआप खाली येतो, कुलूपबंद होतो आणि वरच्या स्टेशनातच सुटतो. अमेरिकेत राज्या-राज्यांत निराळं. व्हरमाँट, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स इथे दांडा असेल तर तो वापरलाच पाहिजे असा नियम आहे. न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ त्या बाजूला शिकला. तिकडे दांडा वरच ठेवून निघालात तर खालून लिफ्टवाला ओरडतो. हा भाऊ पहिल्यांदा कोलोरॅडोला आला आणि शेजारचे लोक हात पसरून उघड्या खुर्चीवर बसलेले बघून म्हणाला, "ताई, यांचा दांडा मोडलाय का?" मोडला नव्हता. कोलोरॅडोत राज्याचा कायदा तशी सक्ती करत नाही. काही कंपन्यांनी आपापल्या डोंगरांवर नियम केलाय, काही जुन्या लिफ्टवर तर दांडा बसवलेलाच नाही. त्यामुळे पश्चिमेकडे ती सवयीची गोष्ट होऊन बसली आहे, आणि सवय शेजाऱ्याकडून लागते.

दांडा न वापरणाऱ्यांची बाजूही मी ऐकली आहे. तो डोक्यावर आपटतो, मांड्यांत अडकतो, त्याच्यामुळे खोटा धीर येतो. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, त्यावर उपाय पुढे सांगते. तिसरी अर्धीच खरी आहे, पण ती अर्धी महत्त्वाची. कोलोरॅडोच्या लिफ्ट-सुरक्षा मंडळाच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा खुर्चीवरून पडण्याच्या ८६ टक्के घटना बसणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे घडलेल्या निघाल्या. यंत्र किंवा चालवणारा चुकला अशा फक्त २ टक्के. नीट न बसणं, पुढे सरकणं, वळून मागच्यांशी बोलणं, पडलेला हातमोजा पकडायला झेपावणं, असलं ते वागणं. दांडा म्हणजे गाडीतला पट्टा नव्हे. बहुतेक लिफ्टवर त्याला कुलूप नसतं, आणि तो पोटाशी आवळलेलाही नसतो. दांडा आणि मांड्या यांच्यामध्ये भरपूर फट राहते. कडेवर टेकून बसलेलं सडपातळ पोर त्या फटीतून सहज खाली जाऊ शकतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी पाठ खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकली पाहिजे, मग दांडा. उलटा क्रम केलात तर दांडा नुसता हात ठेवायला.

गाडीपाशीच करायची तयारी

लिफ्टवरचे बरेचसे घोटाळे पार्किंगमध्येच सुरू होतात. मफलर जॅकेटच्या आत. ओढणी घालून आलात तर ती गाडीतच काढून ठेवा. जॅकेटच्या लोंबत्या नाड्या आत खोचा, लांब वेणी असेल तर तीही. लिफ्टचा पास डाव्या खिशात, एकटाच. फोनबरोबर ठेवला तर रांगेतलं गेट कधीकधी तो वाचत नाही आणि मागचे दहाजण तुमच्याकडे बघत राहतात.

आता सॅक. आपल्या लोकांकडे सॅक असतेच, कारण डबा असतो. डोंगरावरच्या कॅफेटेरियात बर्गरची किंमत वाचल्यावर मेथीची थालीपीठं बरोबर नेण्यात काहीही कमीपणा नाही. पण ती सॅक पाठीवर असताना लिफ्टवर बसू नका. एक तर ती पाठीमागे गिरदीसारखी राहते आणि तुम्ही अर्ध्या खुर्चीवरच टेकता. आणि उतरताना तिचा एखादा पट्टा खुर्चीत अडकला तर तुम्ही उतरता, सॅक उतरत नाही.

हे कल्पनेतलं सांगत नाही. जानेवारी २०१७ मध्ये इथल्याच अरापाहो बेसिनला एका माणसाची सॅक अशीच अडकली. खुर्ची वळसा घालून त्याला घेऊन निघाली, पट्टा गळ्याभोवती आवळला गेला आणि तो बेशुद्ध होऊन हवेत लटकला. लिफ्ट थांबवली, पण तो होता उंचावर, आणि खालून कुणाचाच हात पोहोचेना. त्याच्या बरोबरच्यांत दोरावरून चालण्याचा सराव असलेला एक तरुण होता. तो खांबावर चढला, लिफ्टच्या दोरावरून सरकत त्या खुर्चीपर्यंत गेला, खालून फेकलेला चाकू झेलला आणि पट्टा कापला. खाली बर्फात पडलेला माणूस वाचला. दर डोंगरावर असा डोंबारी हजर असेल असं धरून चालू नये. रांगेत शिरतानाच सॅक काढा, उलटी करून पोटावर घ्या किंवा बसल्यावर मांडीवर ठेवा. लोंबणारे पट्टे आत कोंबा.

रांगेत

रांगेत गेल्या गेल्या पुढे ढकलत जाऊ नका. बाजूला उभं राहून चार-पाच खुर्च्या भरताना बघा. कुठे थांबतात, कुठून पुढे सरकतात, खुर्ची कुठल्या बाजूने वळून येते, ती कशी पकडतात. पाच मिनिटांचं हे बघणं अर्ध्या तासाच्या सूचनांपेक्षा कामाचं.

मग स्कीच्या काठ्या. त्यांचे मनगटातले पट्टे काढा. काढाच. पट्टा मनगटात आणि काठीचं टोक खालच्या बर्फात किंवा खुर्चीच्या फटीत, म्हणजे हाताचं काय होईल ते सांगायला नको. दोन्ही काठ्या एका हातात, टोकं पुढे. दुसरा हात खुर्चीसाठी मोकळा. स्नोबोर्डवाल्यांनी मागचा पाय बायंडिंगमधून, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीतून, काढायचा, पुढचा अडकवलेलाच ठेवायचा आणि बोर्डाचं नाक सरळ पुढे.

आणि आता भिडेचं प्रकरण. खुर्चीपाशी उभ्या असलेल्या माणसाला इथे सगळे 'लिफ्टी' म्हणतात. बहुतेक वेळा वीस-बावीसचा पोरगा, नाक लाल झालेलं, स्पीकरवर गाणी. त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणायचं, "फर्स्ट टाइम, स्लो प्लीज." तो लिफ्टचा वेग कमी करतो, जुन्या लिफ्टवर आलेली खुर्ची हाताने धरून तिचा झटका कमी करतो. त्याला दिवसातून पन्नास वेळा हे ऐकायची सवय असते आणि त्याचं ते कामच आहे. आमच्याबरोबर आलेले एक काका, पुण्यात तीस वर्षं कारखाना चालवलेले, हे वाक्य बोलायला तयार नव्हते. "मी बघतो की." बघितलं. खुर्ची त्यांना सोडून पुढे गेली आणि ते बर्फावर बसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते वाक्य इतक्या जोरात म्हटलं की लिफ्टीने लिफ्टच थांबवली.

बसताना

गेट उघडलं किंवा पुढची खुर्ची तुमच्या समोरून गेली की लगेच निघायचं. 'वेट हिअर' या पाटीपासून 'लोड हिअर' या रेषेपर्यंत. उशीर करायचा नाही, कारण मागची खुर्ची निघालेली असते. रेषेवर पोहोचलात की स्की एकमेकींना समांतर, टोकं सरळ पुढे. मग मान वळवून मागे बघायचं. कडेला असाल तर बाहेरच्या खांद्यावरून. येणारी खुर्ची दिसली की मोकळा हात मागे नेऊन तिची कड किंवा बाजूचा खांब धरायचा. आणि बसायचं, घरच्या सोफ्यावर बसतो तसं, मागे टेकत. उडी मारायची नाही, टेकल्यासारखं करून पुढे राहायचं नाही. जीन्सपेक्षा स्कीची पँट जास्त निसरडी असते. एकदा पुढे राहिलात की सरकत मागे जाणं कठीण जातं. खुर्ची वर उचलली जाईपर्यंत स्कीची टोकं वर धरा, नाहीतर ती बर्फात रुततात.

चुकलं तर? रेषेवर पडलात तर आडवेच राहा, डोकं खाली. खुर्ची वरून जाईल किंवा लिफ्टी थांबवेल. उठायची घाई केलीत तर खुर्ची डोक्याला लागते.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा: अर्धवट बसलात आणि घसरताय हे कळतंय. अशा वेळी माणसाची जात अशी, की हाताला जे लागेल ते घट्ट धरून ठेवायचं. इथे मात्र जमीन अजून हातभर खाली आहे तोवर सोडून द्या. बर्फात पडाल, कपडे झटकाल. धरून राहिलात तर वीस सेकंदांत तीच उंची दोन मजली इमारतीएवढी होते आणि मग सोडायचं की नाही हा प्रश्नच राहत नाही. शेजाऱ्यानेही त्या क्षणी ओढाताण करण्यापेक्षा "स्टॉप" म्हणून ओरडावं. घसरणारा आधीच उंचावर गेला असेल तर मात्र त्याला घट्ट धरा आणि लिफ्ट थांबेपर्यंत ओरडत राहा.

दांडा खाली

पाठ टेकली. आता शेजाऱ्यांकडे बघून म्हणायचं, "बार कमिंग डाउन." विचारायचं नाही, सांगायचं. "मे आय" वगैरे सुरू केलं की समोरचा खांदे उडवतो आणि तुम्ही गप्प बसता; मी पहिल्या वर्षभर हेच केलं. सांगितलं की सगळे आपोआप डोकी मागे घेतात. एवढ्या वर्षांत एकानेही मला नाही म्हटलेलं नाही. उलट दोनदा-तीनदा शेजारचा म्हणाला, "ओह थँक्स." म्हणजे त्याच्याही चौथ्या जागेवर तीच बहीण बसलेली.

ओढताना धसकन आणू नका. उंच माणसाचं हेल्मेट वाटेत येतं. डोक्यावर आपटण्याची जी तक्रार आहे ती न सांगता ओढण्याची आहे. हातमोज्याची बोटं बिजागरीपासून लांब. काही लिफ्टच्या दांड्याला पाय ठेवायला खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांवर स्की टेकल्या की गुडघ्यांवरचा ताण एकदम उतरतो, आणि बूट-स्कीचं ओझं तुम्हाला पुढे ओढत असतं तेही थांबतं. दांड्यातून खाली उतरणारी उभी दांडी असेल तर ती दोन मांड्यांमध्ये येते की दोन माणसांमध्ये, हे बघून पाय लावा. नाहीतर ती मांडीवर बसते आणि उतरताना पाय अडकतो. ही दुसरी तक्रार.

लिफ्टला दांडाच नसेल तर? मग पाठ टेकून, एक हात खुर्चीच्या पाठीमागून किंवा बाजूच्या खांबाभोवती घेऊन बसायचं. लहान मूल बरोबर असेल तर मी ती लिफ्ट घेतच नाही.

मुलं

आमच्या मुलीबरोबर एक ठरलेलं चालतं. बसल्या बसल्या मी विचारते, "पाठ?" ती ओरडते, "टेकली!" मी खात्री करते, कारण पाच वर्षांच्या मुलाची टेकलेली पाठ आणि खरी टेकलेली पाठ यांत वीतभर अंतर असतं. मग "दांडा?" "आला!" आता ती नऊ वर्षांची आहे आणि मैत्रिणींसमोर मी हे विचारलं तर डोळे फिरवते, पण उत्तर देते.

लहान मुलांची अडचण शरीराची आहे. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची; मूल पूर्ण मागे बसलं तर त्याचे गुडघे कडेपर्यंत पोहोचत नाहीत, स्की सरळ पुढे राहतात आणि ते त्याला आवडत नाही. मग ते हळूच पुढे सरकतं, पाय लोंबकळवायला. म्हणून वर जाताना सगळा वेळ एक हात त्याच्या छातीसमोर आडवा असावा, आणि त्यासाठी तुमच्या काठ्या आधीच दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. मुलाच्या हातात काठ्या नकोतच, पाठीवर सॅक नको. मूल लिफ्टी उभा असेल त्या बाजूला बसवा, म्हणजे तो उचलून मागे टेकवू शकतो. त्याला आधी खुणेने सांगा. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये सव्वा मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाबरोबर मोठं माणूस असलंच पाहिजे असा दंडक आहे. इथे तसा नसेल तरी मी तेच माप धरते. घरच्या दाराच्या चौकटीवर सव्वा मीटरला पेन्सिलीची रेघ आहे.

क्लासच्या रांगेतला एखादा शिक्षक "हिला तुमच्याबरोबर घ्याल का?" असं विचारतो, कारण पोरं जास्त आणि मोठी माणसं कमी. तुमची स्वतःची पहिली-दुसरीच खेप असेल तर स्वच्छ नाही म्हणा. इथेही भीड नको. दुसऱ्याचं मूल घेऊन आपली पाठ टेकली की नाही हे शोधत बसू नये.

वर जाताना

खरं तर आता काही करायचं नसतं. बसा, डोंगर बघा. हातमोजा काढून फोटो काढायचा मोह टाळा. प्रत्येक लिफ्टखाली मोसमाच्या शेवटी बर्फ वितळला की फोन, मोजे आणि गॉगल उगवतात. काही पडलंच तर पडू द्या.

लिफ्ट मधेच थांबते. पुष्कळदा थांबते, आणि दहातल्या नऊ वेळा कारण एवढंच असतं की वर कुणीतरी उतरताना पडलंय. खुर्ची झोके घेते, पोटात गोळा येतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. दांडा खालीच ठेवा, झोका थांबवायला हलू नका. जास्त वेळ गेला तर वारा किंवा यंत्राचा काही प्रश्न असतो. मोटर बंद पडली तर लिफ्ट फिरवायला दुसरं इंजिन असतं. तेही न जमलं तर स्की पॅट्रोलचे, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाचे, लोक खुर्ची-खुर्चीपाशी येऊन दोराने उतरवतात. याला वेळ लागतो, थंडी वाजते, पण उडी मारायची नाही. वरून बर्फ कापसासारखा दिसतो. तो बऱ्याचदा घट्ट असतो, आणि मऊ असलाच तरी पायाला दोन-दोन स्की बांधून मारलेली उडी गुडघ्यांचं काय करते ते इथल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा.

मधेच एक आठवलं म्हणून. उन्हाळ्यात याच लिफ्ट नुसत्या पायी येणाऱ्यांसाठी चालतात आणि भारतातून आलेले आई-बाबा तेव्हा हमखास बसतात. माझी आई साडीत बसली. रायगडच्या रोपवेत बसलेली असल्यामुळे तिला वाटलं डबा येईल; आली उघडी खुर्ची. पदर कमरेला खोचला, निऱ्या गुडघ्यांमध्ये धरल्या, चपला काढून पिशवीत घातल्या आणि दांडा खाली येताच तो दोन्ही हातांनी असा धरला की वर सोडवेना. भारतातही हेच लागू आहे. गुलमर्गचा गोंडोला बंद डब्याचा, पण कोंगडोरीहून वर जाणारी चेअरलिफ्ट उघडी आहे, औलीतही आहे, राजगीरला तर एकेका माणसाची खुर्ची. पदर, ओढणी, शाल, गळ्यातला कॅमेरा: सगळं आत.

उतरताना

वरचं स्टेशन दिसलं की लोक घाईने दांडा वर करतात, शंभर-शंभर मीटर आधी. करू नका. दांडा वर करायची पाटी असते, शेवटच्या खांबाच्या आसपास. तोपर्यंत तो खाली. पाटी आली की पट्टीवरून पाय काढा, "बार अप" म्हणा, सगळ्यांचे पाय मोकळे झालेत हे बघा आणि वर ढकला. काठ्या अजूनही एका हातात, पट्टे मनगटात नाहीत. जॅकेटची कड, सॅकचा पट्टा कुठे अडकला नाही ना, हे हाताने चाचपा. मांडीवरची सॅक आता एका हाताने छातीशी.

स्कीची टोकं वर करा. पाटीही तेच सांगते: 'कीप टिप्स अप'. टोकं खाली राहिली तर ती उताराच्या कडेला अडकतात आणि खुर्ची मागून ढकलतच असते. स्की बर्फाला टेकल्या, 'अनलोड हिअर'ची रेषा आली, की उभं राहायचं. खुर्ची मागून हलकेच ढकलते. तिला ढकलू द्यायचं. गुडघे थोडे वाकलेले, नजर समोर लांब. आणि सरळ जायचं. शेजारच्याला धरायचं नाही, हा मोह सगळ्यांत मोठा. मी एकदा एका अनोळखी बाईंचा दंड धरला आणि आम्ही दोघी लिफ्टीच्या केबिनपाशी जाऊन थांबलो. बसण्याआधीच एकमेकांना सांगून ठेवा की कोण डावीकडे वळणार आणि कोण उजवीकडे. मधल्याने सरळ जायचं.

रेषा चुकली, उभं राहवलं नाही, तर बसून राहा. उशिरा उडी मारू नका. पुढे एक फाटक किंवा तार असते. तिला पाय लागला की लिफ्ट आपोआप थांबते, आणि लिफ्टी येऊन उतरवतो. उतारावर पडलात तर डोकं खाली ठेवून रांगत बाजूला व्हा. मागून दुसरी खुर्ची येतेय.

उभे राहिलात तर थांबू नका. लोक उतरल्या उतरल्या जागच्या जागी थांबून हातमोजे नीट करतात, नकाशा उघडतात, आणि पुढच्या खुर्चीतले चौघं त्यांच्यावर येऊन पडतात. निदान दहा-पंधरा पावलं बाजूला, दोरीच्या पलीकडे जा. तिथे काठ्यांचे पट्टे मनगटात घाला, गॉगल पुसा. सॅक आता पाठीवर घ्यायला हरकत नाही. थालीपीठं मोडली नसतील, तर ती खायलाही नाही.